रोडामाइन 123 ची साक्ष

अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 'प्रोसीडिंग्ज'चा फेब्रुवारी 1980 चा अंक. त्यातली 990 ते 994 ही पाच पानं एका रंगाच्या वाट्याला आली आहेत. लेखक तीन : लिंकन जॉन्सन, मार्सिया वॉल्श आणि लॅन बो चेन. पत्ता बोस्टनच्या सिडनी फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटचा. डेना-फार्बर हे आजचं नाव या संस्थेला 1983 मध्ये मिळालं. दावा मोजका आहे. लेसरमध्ये वापरला जाणारा रोडामाइन 123 हा रंग जिवंत पेशींवर घातला, तर तो नेमका मायटोकॉन्ड्रियांत जाऊन बसतो आणि तिथेच चमकतो. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून जेमतेम दिसणारे हे धागे काळ्या पार्श्वभूमीवर लख्ख उमटतात.

मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, निरोगी आहेत की आजारी, हे जिवंत पेशीत पाहायचं असेल तर आज जगभरच्या प्रयोगशाळा अशाच एखाद्या चमकणाऱ्या रंगाला हात घालतात. ही पद्धत या लेखापासून सुरू झाली, असं सरसकट सांगितलं जातं. पण लेखाचा सारांश नीट वाचला तर त्यात प्रकृतीचा विषय नाही. भर आहे तो जागेवर आणि आकारावर. राउस सार्कोमा विषाणूने पेशीचं कर्कपेशीत रूपांतर केलं की मायटोकॉन्ड्रियांची मांडणी बदलते, कोल्चिसीन दिलं की त्यांचा आकार आणि रचना बदलते, आणि हे दोन्ही या रंगामुळे दिसू शकतं, इतकंच. मायटोकॉन्ड्रियांच्या पटलावरच्या विद्युतदाबाचा, ज्यावरून आज त्यांची तब्येत जोखतात, उल्लेख सारांशात येत नाही. म्हणजे चमकेचा अर्थ 'तब्येत' असा लावला गेला तो नंतर. तो कधी लागला, कोणत्या पुराव्यावर लागला आणि तो पुरावा किती भार पेलतो, हे छापील लेखांची माळ लावून पाहता येतं.

आधी त्या रंगाविषयी. रोडामाइन हे एक मोठं कुटुंब आहे. त्यातला रोडामाइन बी आपल्याकडे वेगळ्याच कारणाने बदनाम आहे : जत्रेतल्या 'म्हातारीच्या केसां'ना गडद गुलाबी करण्यासाठी तो चोरून वापरला जातो, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तमिळनाडूने त्याच कारणासाठी या मिठाईवर बंदी घातली. रोडामाइन 123 हा त्याचा चुलत भाऊ. निळा प्रकाश टाकला की तो हिरवा चमकतो. त्याच्या अंगावर एक धन विद्युतभार असतो, आणि पुढचा सगळा इतिहास या एका भाराभोवती फिरतो.

मात्र धन भाराचा रंग घालून जिवंत पेशीतले मायटोकॉन्ड्रिया पाहणारे बोस्टनचे हे तिघे पहिले नव्हेत. लिओनोर मायकेलिस यांचा जर्मन लेख 1900 चा आहे. मायकेलिस तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, पॉल एर्लिख यांच्या हाताखाली काम करून नुकतेच बाहेर पडले होते. एन्झाइमच्या गतीचं जे समीकरण आज त्यांच्या नावाने शिकवतात, ते यायला अजून तेरा वर्षं होती. या लेखात त्यांनी जेनस ग्रीन बी हा रंग वापरला. मायटोकॉन्ड्रिया हे नाव कार्ल बेंडा यांनी दोनच वर्षांपूर्वी, 1898 मध्ये, सुचवलं होतं. जेनस ग्रीन त्या कणांना निळसर हिरवा रंग देई. काचेखाली प्राणवायू संपत गेला की तोच रंग आधी गुलाबी होई आणि मग पार उडून जाई.

या रंग उडण्याचं कारण 1953 मध्ये लाझारो आणि कूपरस्टीन यांनी दाखवलं. पेशीत सगळीकडेच या रंगाचं क्षपण करून त्याला रंगहीन करण्याचं काम चालू असतं. मायटोकॉन्ड्रियांतलं सायटोक्रोम ऑक्सिडेज मात्र त्याला पुन्हा ऑक्सिडीकृत करत राहतं, म्हणून तिथेच तो टिकून दिसतो. म्हणजे रंगाचं टिकणं हा श्वसनसाखळी चालू असल्याचा पुरावा होता, आणि मायकेलिस यांनी अर्धशतकापूर्वी जे पाहिलं ती एका अर्थी प्रकृतीचीच नोंद होती. 1948 मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये होगेबूम, श्नायडर आणि पॅलाडी यांनी उंदराच्या यकृतातून मायटोकॉन्ड्रिया साखरेच्या घट्ट द्रावणात शाबूत वेगळे काढले. आपल्या हाती आलंय ते खरोखर तेच आहे का, हे पडताळायला त्यांनीही जेनस ग्रीनचाच आधार घेतला.

या मालिकेत मार्गारेट रीड लुइस आणि वॉरन लुइस यांची 1914-15 ची कागदपत्रं मला सर्वांत वाचनीय वाटतात. बाल्टिमोरमध्ये हे दांपत्य कोंबडीच्या गर्भातल्या पेशी काचेवर वाढवून तासन्‌तास पाहत बसे. एकच मायटोकॉन्ड्रिया दहा मिनिटांत पंधरा-वीस वेळा रूप पालटतो, असं त्यांनी नोंदवलं. कण, काडी, धागा, कडी असे वेगवेगळे प्रकार मानणाऱ्या तत्कालीन वर्गीकरणाला यातून परस्पर सुरुंग लागला. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की या वस्तूंचा संबंध बहुधा पेशीच्या चयापचयाशी असावा. काळ पाहा. मायटोकॉन्ड्रिया ऊर्जा बनवतात हे सिद्ध व्हायला अजून तीन दशकं जायची होती.

विद्युतदाबाची गोष्ट मात्र सूक्ष्मदर्शकाबाहेर घडली. पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं की श्वसनसाखळी प्रोटॉन पटलापलीकडे ढकलते आणि त्या उतारावर एटीपी बनतो. बरीच वर्षं हे कोणी मानायला तयार नव्हतं. नोबेल मिळालं ते 1978 मध्ये. मधल्या काळात, 1969 मध्ये, मॉस्कोच्या लिबरमन, स्कुलाचेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सरळ चाचणी छापली. पटलातून आरपार जाऊ शकणारे, पण पेशीला परके असे भारित रेणू घ्यायचे. मायटोकॉन्ड्रियाच्या आत ऋण विद्युतदाब असेल तर धन भाराचे रेणू आत ओढले जातील. तसेच ते ओढले गेले. 'पटलातून जाणारा धन आयन म्हणजे विद्युतदाबाचा हेर' ही कल्पना इथली. त्या हेराच्या हातात दिवा देणं एवढंच बाकी होतं.

हा दिवाही बोस्टनच्या आधी लागला होता. फ्रांकफुर्टचे युर्गेन बेराइटर-हान यांनी 1976 मध्ये डीएएसपीएमआय नावाचा चमकणारा धन रंग वापरून पेशीतल्या जागच्या जागी मायटोकॉन्ड्रिया दाखवले, आणि तो लेख जैवरसायनशास्त्राच्या मान्यवर नियतकालिकात आला. त्याहीआधी, 1959 मध्ये, ब्रिटन चान्स आणि बो थोरेल यांनी कोणताच रंग न घालता नाकतोड्याच्या शुक्रपेशींत मायटोकॉन्ड्रियांची स्वतःची मंद चमक मोजली होती. ती पेशीतल्या एनएडीएचमुळे असते. तेव्हा बोस्टनला 'पहिलेपणा'चा मान देणं कागदांना धरून नाही. बोस्टनचं श्रेय दुसऱ्या लेखात आहे.

तो लेख 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'च्या मार्च 1981 च्या अंकात आहे, पहिल्या लेखानंतर तेरा महिन्यांनी. तिघांच्या जोडीला आता बोकस हे चौथं नाव आहे. शीर्षकात मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावरचा सापेक्ष विद्युतदाब सूक्ष्मदर्शकाने पाहण्याचा दावा आहे. युक्तिवादाची बांधणी वकिली आहे. आधी रंगांची निवड : ज्या रोडामाइनांवर निव्वळ धन भार आहे, जसे 123, 6जी, 3बी, ते मायटोकॉन्ड्रियांत साठतात. रोडामाइन 110 हा 123 चाच सांगाडा आहे, फरक एका मिथिल एस्टरचा. तेवढ्याने त्याचा निव्वळ धन भार जातो आणि तो मायटोकॉन्ड्रियांना शिवत नाही. म्हणजे खेळ भाराचा आहे, रंगाच्या बाकी घडणीचा नव्हे.

मग उलटतपासणी. श्वसनसाखळी अडवणारी द्रव्यं दिली, चमक गेली. पटलाला आयनांसाठी भोकं पाडणारी द्रव्यं दिली, चमक गेली. निजेरिसिन दिलं तेव्हा मात्र चमक वाढली, आणि मला हा पुरावा सर्वांत वजनदार वाटतो. कारण निजेरिसिन पोटॅशियम आणि प्रोटॉन यांची अदलाबदल करून पटलाच्या दोन बाजूंचा आम्लतेतला फरक पुसून टाकतं. मिचेल यांच्या हिशेबात प्रोटॉनची ओढ दोन भागांची, एक आम्लतेच्या फरकाची आणि एक विद्युतदाबाची. पहिला भाग गेला की त्याचा वाटा दुसऱ्याकडे जातो आणि विद्युतदाब चढतो. रंग नुसता 'जिवंत मायटोकॉन्ड्रिया' ओळखत असता तर निजेरिसिनने तो वाढायचं कारण नव्हतं. शेवटी एक निरीक्षण येतं : सरपटत पुढे जाणाऱ्या पेशींमध्ये चमक ठळकपणे जास्त आढळते. हालचालीला ऊर्जा लागते, हे ओघाने आलंच. पण लेखक तेवढ्यावरच थांबतात.

इथे थोडी आकडेमोड करू. त्या काळी रूढ झालेली मात्रा मिलिलिटरला 10 मायक्रोग्रॅम, दहा मिनिटं, अशी होती. रोडामाइन 123 चा रेणुभार सुमारे 381. म्हणजे ही मात्रा साधारण 26 मायक्रोमोलर होते. आता नेर्न्स्टचा नियम लावू. दर 60 मिलिव्होल्टला एक धन रेणू दहापट साठतो. पेशीच्या बाहेरच्या पटलावर 60 मिलिव्होल्ट धरले तर पेशीरसात दहापट. मायटोकॉन्ड्रियावर 180 धरले तर त्यावर आणखी हजारपट. 26 मायक्रोमोलरचे आत व्हावेत 260 मिलिमोलर! हे अर्थातच घडत नाही. दहा मिनिटांत समतोल साधत नाही, रंग पटलांना चिकटतो, एकमेकांना चिकटतो. पण याचाच अर्थ असा की त्या चित्रांतली चमक समतोलाची नव्हती, धावपळीतल्या एका क्षणाची होती. आजचे लोक त्याच कामाला टीएमआरएम नावाचा रोडामाइन काही नॅनोमोलर ते काही दशक नॅनोमोलर घालतात. फरक हजारपटीचा आहे.

एवढी दाटी झाली की दुसरीच अडचण उभी राहते. चॅपल हिलच्या एमाउस, ग्रुनवाल्ड आणि लेमास्टर्स यांनी 1986 मध्ये यकृतातून वेगळे काढलेले मायटोकॉन्ड्रिया घेऊन दाखवलं की रोडामाइन 123 आत दाटला की त्याचा वर्णपट लाल बाजूला सरकतो आणि त्याची चमक विझते. रेणू एकमेकांचा प्रकाश मारतात. आता परिणाम पाहा. कमी मात्रेत विद्युतदाब पडला की रंग बाहेर जातो आणि चित्र अंधारतं. जास्त मात्रेत विद्युतदाब पडला की दाटीतून सुटलेला रंग पुन्हा पेटतो आणि चित्र उजळतं. एकच घटना, एकच रंग, आणि साक्ष परस्परविरुद्ध. एखाद्या लेखात मात्रा दिली नसेल, तर त्यातली 'चमक वाढली' ही ओळ मायटोकॉन्ड्रिया सुधारला म्हणते की कोसळला म्हणते, हे आज कोणीही ठरवू शकत नाही. जुन्या दस्तऐवजावर तिथी नसावी, तशी ही गत आहे.

दरम्यान बोस्टनचं लक्ष दुसरीकडे वळलं होतं. 1982 मध्ये समरहेज आणि सहकाऱ्यांचा लेख आला : रंग धुऊन काढल्यावर बहुतेक पेशी तो काही तासांत सोडतात, पण स्नायूच्या आणि कार्सिनोमाच्या पेशी दिवसेंदिवस धरून ठेवतात. त्याच वर्षी 'सायन्स'मध्ये बर्नाल, लॅम्पिडिस, समरहेज आणि चेन यांनी छापलं की हाच रंग संवर्धनातल्या कार्सिनोमा पेशींची वाढ निवडून रोखतो. पुढच्या वर्षी हेच प्राण्यांतल्या गाठींवर. दोन वर्षांत हेर मारेकरी झाला. कर्करोगाच्या संस्थेत असं घडणं स्वाभाविकच. पण मोजमापाच्या इतिहासात याची नोंद वेगळ्या रकान्यात व्हायला हवी : ज्या द्रव्याने प्रकृती तपासायची तेच प्रकृती बिघडवत होतं. 1999 मध्ये स्कॅडुटो आणि ग्रोटीहान यांनी रोडामाइन 123, टीएमआरएम आणि त्याच जातीचा टीएमआरई यांची तुलना केली. तिन्ही रंग श्वसन दाबतात, असं आढळलं. त्यातल्या त्यात टीएमआरएम सौम्य, आणि कमी मात्रेत निरुपद्रवी. आज तो लोकप्रिय आहे याचं मूळ बऱ्याच अंशी या लेखात आहे.

कर्कपेशी रंग धरून का ठेवतात, या प्रश्नाला 1988 मध्ये उलट बाजूने धक्का बसला. मॉस्कोच्या नेयफाख यांनी दाखवलं की अनेक औषधांना दाद न देणाऱ्या पेशी रोडामाइन 123 बाहेर उपसून टाकतात. त्या पेशींच्या पटलावर पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप असतो, आणि औषधांबरोबर रंगही त्याचं भक्ष्य होतो. म्हणजे पेशी मंद दिसली तर तिचे मायटोकॉन्ड्रिया थकलेत असंही असेल, किंवा पंप जोरात चालू आहे इतकंच असेल. त्याच वर्षी कनेक्टिकटमध्ये लेस्ली लोव यांच्या गटाने रोडामाइनचे टीएमआरएम आणि टीएमआरई हे एस्टर वापरून एकेका पेशीत नेर्न्स्टचा हिशेब मांडला. वर्षभराने त्यांनी पेशीचं बाहेरचं पटल आणि मायटोकॉन्ड्रिया या दोहोंचे विद्युतदाब एकाच वेळी चित्रित केले. बाहेरचं पटल ढळलं तरी मायटोकॉन्ड्रियाची चमक ढळते, हे तिथून पुढे नजरेआड करता येत नव्हतं.

नव्वदीच्या दशकावर फार रेंगाळण्यात अर्थ नाही. कागद भरपूर आणि भांडणं तीच. चेन यांच्याच गटाने 1991 मध्ये जेसी-1 आणला. एकटा असताना हिरवा, दाटला की लाल. दोन रंगांचं गुणोत्तर घेतलं की मात्रेची कटकट सुटेल, ही आशा. पेशींच्या नियोजित मृत्यूचा अभ्यास तेव्हा उफाळला होता आणि विद्युतदाब कोसळणं ही त्यातली आरंभीची पायरी मानली जाऊ लागली होती. त्यामुळे हे रंग हजारो प्रयोगशाळांत शिरले. 1997 मध्ये इटलीच्या साल्व्हिओली आणि सहकाऱ्यांनी एका लेखाला जे शीर्षक दिलं त्यातच निकाल आहे : अखंड पेशीत जेसी-1 भरवशाचा, रोडामाइन 123 आणि डीआयओसी6(3) हा आणखी एक रंग नाहीत. पण जेसी-1 चे लाल पुंजके बनायला वेळ लागतो आणि ते रंगाच्या मात्रेवरही अवलंबून असतात, म्हणून हा निकालही सर्वमान्य झाला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट रंगाच्या गुणदोषांपलीकडची आहे. समजा रंग चोख आहे, मात्रा नेमकी आहे, पंप नाही, बाहेरचं पटल स्थिर आहे. तरीही उंच विद्युतदाब म्हणजे उत्तम प्रकृती, हे समीकरण उभं राहत नाही. ऑलिगोमायसीन हे द्रव्य एटीपी बनवणारं यंत्र बंद पाडतं. प्रोटॉनची परतीची वाट अडते आणि विद्युतदाब चढतो. कोयनेची जनित्रं बंद करून ठेवली तर जलाशय काठोकाठ भरेल, पण म्हणून कोणी त्या दिवशी वीज जास्त बनली म्हणणार नाही. उलटही घडतं. श्वसनसाखळी पार मेली असली तरी तेच यंत्र उलटं फिरून, इतरत्र बनलेला एटीपी जाळून, विद्युतदाब काही काळ टिकवू शकतं. अशा पेशीचे मायटोकॉन्ड्रिया चित्रात उजळच दिसतील. म्हणून जाणते लोक आज एका चित्रावर थांबत नाहीत. ऑलिगोमायसीन घालून पाहतात, शेवटी एफसीसीपी घालून विद्युतदाब पूर्ण घालवतात आणि या दोन टोकांच्या मध्ये मूळ चमक कुठे होती ते बघतात. 1981 च्या लेखातली उलटतपासणीच ही, फक्त आता ती प्रत्येक पेशीगणिक करायची.

खरा आकडा मिलिव्होल्टमध्ये सांगायचा तर काय पडतं, हे 2012 च्या एका लेखात दिसतं. कॅलिफोर्नियातल्या बक इन्स्टिट्यूटचे गेरेन्चेर आणि सहकारी, त्यांत डेव्हिड निकोल्स आणि मार्टिन ब्रँडही आहेत. उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशी घेऊन त्यांनी दुरुस्त्यांची रांग लावली : बाहेरच्या पटलाचा विद्युतदाब वेगळ्या रंगाने, पेशीत मायटोकॉन्ड्रियांनी किती जागा व्यापली आहे तो वाटा, रंग पटलांना किती चिकटतो ते, आणि तो आतबाहेर होण्याचा वेग. विश्रांतीत उत्तर आलं उणे 139 मिलिव्होल्ट, आणि कामाच्या ताणात ते उणे 108 ते उणे 158 यांच्या दरम्यान हलत होतं. वरच्या आकडेमोडीत मी धरलेल्या 180 पेक्षा हे बरंच कमी आहे. 40 मिलिव्होल्टचा फरक म्हणजे साठ्यात साडेचार-पाचपट फरक. पाठ्यपुस्तकी आकडा घेऊन काढलेली उत्तरं तेवढ्या पटीने चुकू शकतात.

आणि हा विद्युतदाब मुळात कशाचा मोजायचा? 1988 मध्येच मॉस्कोहून, स्कुलाचेव आणि झोरोव यांच्या गटाकडून, एक देखणा प्रयोग छापून आला होता. इथिलरोडामाइनने रंगवलेल्या फायब्रोब्लास्टमध्ये एका लांब मायटोकॉन्ड्रियाच्या टोकावर लेसरचा बारीक ठिपका टाकला, तर अख्ख्या धाग्याची चमक गेली. शेजारचे धागे तसेच राहिले. धागा म्हणजे विजेची सलग तार, असा निष्कर्ष निघाला आणि तीन दशकं तो शिकवला गेला. 2019 मध्ये 'एम्बो जर्नल'मध्ये वोल्फ आणि सहकाऱ्यांनी जास्त बारकाईने पाहणारे सूक्ष्मदर्शक वापरले. त्यांना एकाच मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या घड्यांमध्ये, म्हणजे क्रिस्टींमध्ये, निरनिराळे विद्युतदाब आढळले. काही घड्यांचा विद्युतदाब अचानक पडला तरी शेजारच्या घड्या तो राखून होत्या. घड्यांची तोंडं आवळून धरणारी प्रथिनं काढून टाकली की हा फरक मावळत होता. बोस्टनच्या 1980 च्या छायाचित्रांत यातली एकही घडी सुटी दिसण्याची सोय नव्हती. त्या चित्रांतला प्रत्येक उजळ धागा शेकडो घड्यांची बेरीज आहे. आकार, जागा आणि मांडणी यांसाठी ती चित्रं आजही बिनधोक वापरावीत. त्यांच्या लेखकांनी पहिल्या लेखाच्या सारांशात नेमका तेवढाच दावा केला होता.